दक्षिणेचं दार

मी घरं बघतो आणि त्यांची किंमत कागदावर लिहून देतो. बँकेला कर्ज द्यायचं असो की भावाभावांत वाटणी व्हायची असो, माझ्यासारख्याची सही लागते. शिकलो सिव्हिल इंजिनिअरिंग, पोट भरलं ते या सहीवर. ग्वाल्हेरात आमच्यासारखी दख्खनेतून आलेली मराठी घरं एकमेकांना धरून असतात, त्यामुळे आपल्यातलं कुणी घर घेणार किंवा विकणार असलं की आधी माझ्याकडे यायचं. त्यातल्या दोघांशी मी जे वागलो ते लिहायला आज बसलोय. एकाला मी जन्मापासून ओळखतो. दुसरीने मला लहानपणी इंजेक्शनं टोचली होती.

अगदी सुरुवातीला मी ओळंबा आणि एक छोटी हातोडी घेऊन जायचो. भिंतीवर ठोकून गिलावा पोकळ वाजतो का ते ऐकायचो, जोत्याशी वाकून ओल बघायचो. पाच-सहा वर्षांत लक्षात आलं की गिऱ्हाईक यातल्या कशालाच किंमत देत नाही. शहरातल्या कंपू भागात एकाच ठेकेदाराने एकाच वर्षी कोपऱ्यावर एकमेकांना लागून बांधलेली दोन घरं होती. पूर्वेला तोंड असलेलं महिन्याभरात विकलं गेलं, दक्षिणेला तोंड असलेलं तीन वर्षं कुलूप लावून पडलं. दाल बाजारातल्या एका दुकानात लागोपाठ दोन धंदे बसले, तेव्हा फुकट दिलं तरी नको अशी त्याची ख्याती झाली. मग एक सुकामेवावाला आला, त्याचं बरं चाललं, आणि त्याच दुकानाला लोक ‘बरकतवाली जगह’ म्हणून दलालाला भंडावून सोडू लागले. भिंती त्याच, छत तेच. हळूहळू मीही घराऐवजी घराकडे बघणाऱ्याचा चेहरा बघायला शिकलो. चेहऱ्यावरून आकडा सांगायचो आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा. याचा मला अभिमान होता.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले. पुढच्या पिढ्या मास्तर, कारकून, दुकानदार झाल्या. फौजेची वाट धरली ती एकट्या दादाने. मी बारावीत असताना माझे वडील गेले. दादा आसामातून तीन दिवसांचा प्रवास करून आला आणि तेराव्यापर्यंत माझ्या शेजारी जमिनीवर झोपला. काही समजावलं नाही, उपदेश केला नाही, नुसता झोपला. सुभेदार होऊन निवृत्त झाला तेव्हा शहराच्या मुरार भागात भाड्याच्या दोन खोल्यांत तो आणि वहिनी राहत होते. थोरली मुलगी लग्न होऊन नागपूरला गेलेली. धाकटी सहा वर्षांची असताना कुठल्याशा दूरच्या पोस्टिंगवर तापाने गेली होती. वहिनी तिच्याबद्दल कधी बोलत नसत, आणि आम्हीही त्यांच्यासमोर विषय काढत नसू.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी दादा घरी आला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, “अरे, आता स्वतःचं घर घ्यायचं. सगळी उमर सरकारी क्वार्टरांत गेली. तुझ्या वहिनीला एकदा तरी भिंतीत खिळा ठोकताना कुणाची परवानगी लागू नये.”

मी म्हटलं, “बजेट सांग, मी शोधतो.”

“बजेट काय, जे मिळालंय ते सगळं. दुसरं काही येणार नाही आता. घर तू पसंत करायचंस. मला बंदूक कळते, सिमेंट कळत नाही.”

त्याच आठवड्यात मला सिस्टरमावशींचा फोन आला. कंपूच्या हॉस्पिटलात त्या पस्तीस वर्षं नर्स होत्या. अख्खी गल्ली त्यांना सिस्टरमावशी म्हणायची, त्यांचे भाऊ-पुतणेसुद्धा. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. हॉस्पिटलापासून दहा मिनिटांवर त्यांनी स्वतःच्या पगारातून घर बांधलं होतं, एक एक खोली करत. आता गुडघे थकले होते, धाकटी बहीण देवासला बोलावत होती, म्हणून घर विकायला काढायचं होतं. मला वाटलं, दादाला हेच दाखवावं. तेव्हापर्यंत माझ्या मनात खरोखरच काही वाकडं नव्हतं.

आम्ही तिघं गेलो. दादा, वहिनी आणि मी. मावशींनी दार उघडलं आणि आत घ्यायच्या आधीच उंबऱ्यात उभं राहून म्हणाल्या, “दार दक्षिणेला आहे, हे आधीच सांगते. नंतर कळलं म्हणून चहा अर्धा टाकून उठू नका. दोघं जण तसे उठून गेलेत.”

दादा हसला. “मावशी, पोस्टिंग कुठल्या दिशेला आहे हे मी कधी विचारलं नाही. चहा पूर्ण पिऊ.”

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या त्या बाहेर येईनात. ओट्याला लागून खिडकी होती, खिडकीबाहेर पेरूचं झाड. हात लांब केला की फांदी हाताशी येई. तोवर मी घराला एक फेरी मारली. खाली आमच्या किल्ल्याच्या डोंगराचा दगड, त्यावर पाया. भिंतींना केसाएवढाही तडा नाही. तळघर नाही, ओल नाही. आणि पूर्वेच्या बाजूला एक गल्ली. दहा फूट रुंद, तोंडाशी पत्र्याचं फाटक, आत शेजाऱ्याची स्कूटर आणि विटांचा ढीग. सगळे ती गल्ली शेजाऱ्याचीच समजत. मावशीही तसंच समजत होत्या. मी मात्र थांबलो. त्या मोहल्ल्याचा जुना नकाशा माझ्याकडे दुसऱ्या एका कामासाठी येऊन गेला होता, आणि त्यात ही गल्ली सरकारी रस्ता म्हणून दाखवलेली मला पुसट आठवत होती.

दुसऱ्या दिवशी नकाशा काढून पाहिला. रस्ताच होता. म्हणजे पूर्वेची कंपाउंडची भिंत फोडून तिथे दार काढलं की तेच घर पूर्वमुखी. खर्च एका लोखंडी फाटकाचा आणि चार दिवसांच्या मजुरीचा. आणि ज्या घराच्या उंबऱ्यावरून गिऱ्हाईक परत फिरत होतं त्याच्यापुढे रांग लागली असती.

त्या क्षणी मनात जे आलं ते मला अजून लख्ख आठवतं. मला वाटलं, हे दादाला कशाला?

माझं ऑफिस तेव्हा एका दवाखान्यावरच्या भाड्याच्या खोलीत होतं. जिना अरुंद, उन्हाळ्यात भट्टी. बायको वर्षानुवर्षं म्हणत होती की स्वतःची जागा बघा, दुसऱ्यांच्याच किती बघाल. मी नकाशा गुंडाळला. अजून काही ठरवलेलं नाही, असं स्वतःशी म्हणत गुंडाळला.

संध्याकाळी दादाकडे गेलो. वहिनींनी गरम पोळ्या वाढायला घेतल्या होत्या आणि बोलत होत्या त्या खिडकीबद्दल. दादा म्हणाला, “मग? बयाणा देऊन टाकू का?”

मी म्हटलं, “घर मजबूत आहे. पण दादा, उद्या विकायची वेळ आली तर भाव येणार नाही. दक्षिणमुखी आहे.”

“विकायचंय कुणाला? तिथून खांद्यावरच निघणार आम्ही.”

दादाला भीती घालता येत नाही हे मला माहीत होतं. मी वहिनींकडे वळलो. आवाज मुद्दाम हलका ठेवून म्हणालो, “वहिनी, मी असलं काही मानत नाही. पण लोक म्हणतात, दक्षिण म्हणजे यमाची दिशा. मावशींचंच बघा ना, नवरा लवकर गेला, पोर नाही.”

वहिनींच्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा दादाने उठून गॅस बंद केला. जेवताना वहिनींनी खिडकीचं नाव काढलं नाही. निघताना दाराशी त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, दुसरं बघा काहीतरी.”

मी खोटं काहीच बोललो नव्हतो. लोक तसं म्हणतातच. भाव येत नाही हेही खरंच. घरी जाताना स्कूटरवर मी हेच घोकत गेलो.

दुसरं घर मिळायला वेळ लागला नाही. मुरारच्या पुढे एक नवी वसाहत झाली होती. मोठी कमान, कारंजं, सिमेंटचे रस्ते, गेटवर वर्दीतला गार्ड. त्या वसाहतीतल्या सहा-सात घरांच्या कर्जाच्या फाइली माझ्याच हाताखालून गेल्या होत्या. ‘सुविकसित, सुरक्षित, मागणी उत्तम’ असं मीच लिहून दिलं होतं. गार्डने दादाची ताठ पाठ पाहिली आणि कडक सलाम ठोकला. दादाने नकळत सलाम परत केला. मला तिथेच कळलं की हे घर विकलं गेलं.

घर पूर्वमुखी होतं. वहिनींनी आत जाऊन उगवतीकडची खिडकी उघडून बघितली आणि पहिल्यांदा थोडं हसल्या. दादा वसाहतीच्या मॅनेजरशी बोलत होता. मी सवयीने मागे गेलो. मागच्या हद्दीच्या भिंतीपलीकडे पाणकणसं उभी होती, पुरुषभर उंच, तपकिरी कणसं डुलत होती. ही वनस्पती कोरड्या जमिनीत उगवत नाही. भिंतीच्या पायथ्याशी माती भुसभुशीत, तिच्यात विटांचे तुकडे आणि प्लास्टिक. म्हणजे तलाव बुजवून त्यावर मलबा ओतला होता आणि वर घरं उभी केली होती. आधीच्या फाइलींच्या वेळी मी घराच्या मागे कधी गेलोच नव्हतो. पुढून फोटो काढून परत येत होतो.

पाच मिनिटं मी तिथे उभा राहिलो. बोललो असतो तर आधीच्या सह्यांचं काय, हा विचार आला. पण तो पहिला नव्हता. पहिला विचार हा आला की इथून उठला तर दादा परत मावशींच्या घराकडे जाईल.

पुढे आलो. दादाने विचारलं, “कसं काय? ठीक आहे?”

“चांगलं आहे,” मी म्हटलं. “इथले भाव वाढतच जाणार.”

महिन्याभरात रजिस्ट्री झाली. गृहप्रवेशाला मी आणि बायको चांदीचा गणपती घेऊन गेलो. वहिनींनी दिवाणखान्याच्या भिंतीत पहिला खिळा ठोकला आणि तिथे धाकटीचा फोटो लावला. इतकी वर्षं तो ट्रंकेत होता. मी तो फोटो त्या दिवशी प्रथमच पाहिला.

इकडे मावशींच्या घराला गिऱ्हाईक मिळेना. पावसाळा संपता संपता त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, “तू रीतसर किंमत काढून दे. कागदावर. म्हणजे मला कळेल की मी जास्त मागतेय की माणसं कमी देतायत.”

मी जमिनीची किंमत धरली, बांधकामाची धरली, आणि शेवटी ‘प्रतिकूल दिशा’ म्हणून चांगली मोठी वजावट दाखवली. मावशींनी चष्मा लावून कागद नीट वाचला. नर्स औषधाची चिठ्ठी वाचते तसा, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. त्या वजावटीवर बोट थांबलं.

“हे दक्षिणेचं कापलंस?”

“मी नाही मावशी, बाजार कापतो.”

“बाजार म्हणजे कोण रे?”

मी म्हटलं, “म्हणजे लोक. घेणारे.”

“मी ड्यूटीवर बघितलंय,” त्या म्हणाल्या, “एखाद्या कॉटवर लागोपाठ दोन पेशंट गेले की तिसरा त्यावर झोपायला तयार होत नाही. मग मी चादर बदलायची आणि नंबर बदलून ती कॉट दुसऱ्या कोपऱ्यात सरकवायची. झोपायचे निमूट. पण घराला असं कसं सरकवणार?”

या वाक्यानंतर मी बोलायला हवं होतं. सरकवता येतं, मावशी, त्या पूर्वेच्या भिंतीतून. एवढंच. त्याऐवजी मी म्हणालो, “मावशी, तुमची अडचण असेल तर मीच घेतो. ऑफिसला होईल. मला दिशेचं काही नाही.”

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. कागदावर मीच लिहिलेल्या किमतीला मी ते घर घेतलं.

त्या देवासला गेल्या आणि सहा महिन्यांत मी पूर्वेची भिंत फोडली. नकाशा दाखवल्यावर शेजाऱ्याने थोडी कुरकुर करून स्कूटर हलवली. दक्षिणेच्या दाराच्या जागी खिडकी बसवली. फाटकाला रंग देऊन आठवडा झाला नसेल तोच एक दलाल आत डोकावला. “साहब, यह तो पूर्वमुखी हो गया! बेचना हो तो बताइए, पार्टी तैयार है।” त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. भिंती त्याच होत्या. रात्री जेवताना बायकोला सांगितलं तर ती खूश झाली, मग एकदम म्हणाली, “पण मग दादांना का नाही सुचवलं तुम्ही हे?” मी म्हटलं, “तेव्हा माहीत नव्हतं.” बायकोशी मी बोललेलं खोटं मोजायचं तर हे पहिलं नसेल, पण याच्यानंतर मला ताट पुढे ओढवेना.

दादाच्या घराला दुसऱ्या पावसाळ्यात भेगा पडल्या. आधी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी एक, मग स्वयंपाकघरात, मग पोर्चची फरशी एका बाजूने बसली. दादाने मला फोन केला नाही. स्वतःच पुट्टी आणून भरत राहिला. फौजेत तक्रार करायची सवय लागत नाही, असं तो नंतर म्हणाला. दिवाळीच्या आधी वहिनी अंगण झाडून आत येताना त्या खचलेल्या फरशीला ठेच लागून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलात मी रोज जात होतो. डबा नेत होतो, औषधं आणत होतो. वहिनी म्हणायच्या, “भाऊजी, किती करता आमच्यासाठी!” मी खिडकीबाहेर बघायचो.

त्या घरी आल्यावर एका दुपारी दादा माझ्या ऑफिसात आला. इथे ऑफिस झाल्यापासून तो आला नव्हता. मीच काही ना काही निमित्त काढून टाळत आलो होतो. तो फाटकाशी बराच वेळ उभा होता. मग आत आला, खिडकीजवळ गेला, जिथे आधी दार होतं. खाली वाकून त्याने उंबऱ्याचा दगड पाहिला. तो मी काढला नव्हता.

“हे मावशींचंच घर ना?”

“हो.”

“हे फाटक तेव्हाही काढता आलं असतं?”

मी टेबलावरचे कागद सरळ करत होतो. ते खाली ठेवले. “हो.”

“तुला माहीत होतं?”

“होतं.”

तो खुर्चीत बसला. म्हणाला, “माझ्या घरामागे ती पाणकणसं उगवलीत, पटेरा म्हणतात इकडे. गावाकडून शिपाई भरती व्हायचे ना, ते सांगायचे, पटेरा दिसला की खाली पाणी, तिथे तंबू टाकू नका. मला परवा आठवलं. मी सिपाही असून मला परवा आठवलं. तू इंजिनिअर आहेस. तुला त्या दिवशी दिसलं होतं?”

“दिसलं होतं, दादा.”

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर मी रडलो असतो आणि बरं वाटलं असतं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे, एखादी व्यक्ती ओळखीची आहे की नाही हे ठरवताना बघतात तसा.

मी घाईघाईने बोलू लागलो. “दादा, हे घर तू घे. आजच्या आज. तुझं मी घेतो. अदलाबदल करू, कागद मी करतो, आता तर दारही पूर्वेला आहे.”

“तुझी वहिनी इथे पाऊल ठेवणार नाही,” तो म्हणाला. “पडली त्या दिवसापासून म्हणते, त्या दक्षिणेच्या घरात गेलो असतो तर याहून वाईट झालं असतं, देवाने वाचवलं. यमाची दिशा तू तिच्या डोक्यात घातलीस. दार फिरवून ती निघत नाही.”

दाराशी जाऊन तो थांबला. “मावशींना सांगितलंस?”

“नाही.”

“त्यांना आधी सांग. मी तुझा भाऊ आहे, माझं काय.”

जानेवारीत मी देवासला गेलो. बरोबर तिळाच्या गजकाचा डबा नेला, ग्वाल्हेरहून जाणारा नेतो तसा. मावशी बहिणीच्या घरी पुढच्या खोलीत उन्हात बसल्या होत्या. मला बघून त्यांनी बहिणीला हाक मारली. “अगं ये, हाच तो! सगळे दार बघून पळाले, हा एकटा घर बघून आला. स्वतःच्या धंद्यातला माणूस, हवं तर फसवू शकला असता. कागदावर लिहून दिली किंमत आणि तेवढीच मोजली.”

बहिणीने मला वाकून नमस्कार करायला हात जोडले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई. प्रवासभर पाठ केलेलं पहिलं वाक्य माझ्या तोंडात होतं. ते तिथेच राहिलं. मावशींनी पेरूचं विचारलं. मी म्हटलं, यंदा खूप आलेत. त्या म्हणाल्या, “दार-खिडक्यांना रंग देत राहा हो, लाकूड चांगलं आहे.” मी बरं म्हटलं. जेवून निघालो. त्यांनी गाडीत खायला शेवेची पुडी बांधून दिली.

परत आल्यावर दादाने फोनवर एवढंच विचारलं, “झालं?” मी नाही म्हटलं. त्याने फोन ठेवला.

मग मी पत्र लिहिलं. तोंडाने झालं नाही ते कागदावर. नकाशा, गल्ली, वजावट, फाटक, दलालाने सांगितलेला आकडा, दादाचं घर, सगळं. माफी शेवटी लिहिली, मग खोडली, मग परत लिहिली. सोबत लिहिलं की फरकाची रक्कम मी द्यायला तयार आहे. घेतली नाहीत तरी मी समजू शकतो.

तीन आठवडे काही आलं नाही. मग बहिणीच्या अक्षरात एक कागद आला. मावशींनी सांगितलेलं तिने उतरवून घेतलं होतं. मी ते इथे जवळजवळ तसंच लिहितो.

“तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा विश्वास बसला नाही. पैसे नकोत असं मी म्हणणार नाही. ते घर मी रात्रपाळ्या करून बांधलं होतं. सगळे पाठव, बहिणीच्या खात्यावर. माफ केलं का असं पुन्हा विचारू नकोस. मी लोकांना तुझं उदाहरण देत होते, आता त्या सगळ्यांना काय सांगू हे तू मला कळव.”

त्या शेवटच्या प्रश्नाला मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.

पैसे पाठवण्यासाठी घर विकावं लागलं. एका डॉक्टर दांपत्याने घेतलं. त्यांनी सोबत वास्तू बघणारा आणला होता. तो होकायंत्र घेऊन अंगणात फिरला आणि म्हणाला, “एकदम शुभ. ऐसा मकान नसीब से मिलता है।” मी त्या दोघांना बाजूला घेऊन सांगितलं की दार आधी दक्षिणेला होतं, मी फिरवलंय, आणि आधीच्या मालकीणबाई इथे तीस वर्षं चांगल्या राहिल्या. डॉक्टरीणबाई जरा गोंधळल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, “पर अब तो पूरब में है न?” व्यवहार झाला. मावशींच्या वाट्याचं त्याच दिवशी पाठवलं. पोचल्याचा निरोप बहिणीने दिला, मावशींचं त्यात काही नव्हतं. मी पुन्हा त्या दवाखान्यावरच्या खोलीत आलो आहे.

बँकेला मी त्या वसाहतीच्या जुन्या फाइलींबद्दल स्वतःहून लिहून कळवलं. त्यांनी मला काम देणं बंद केलं, ते योग्यच होतं. वसाहतीतल्या काही लोकांनी मला शिव्या दिल्या. मी जुन्या सह्या केल्या म्हणून नव्हे, तर आता बोललो म्हणून. मी बोलेपर्यंत त्यांच्या घरांना भाव होता. एक गृहस्थ मला गेटवरच अडवून म्हणाले, “दरार तो हमें भी दिख रही थी। आपको बोलने की क्या ज़रूरत थी?” मला त्यांचा राग आला नाही. ते बोलत होते ते सगळं मी कधीतरी स्वतःशी बोललो होतो.

दादाच्या घराच्या पायाखाली काँक्रीट भरून घेण्याचं काम मी माझ्या देखरेखीखाली करवलं. खर्च तो मला करू देईना. शेवटी वहिनींनी रागावून त्याला गप्प केलं. वहिनींना तो काही सांगत नाही. त्या अजून मला भाऊजी म्हणतात, अजून चहा करतात, काठी टेकत टेकत स्वतः आणून देतात. सांगायला हवं हे मला कळतं. पण सांगितलं तर त्यांना कळेल की त्या खिडकीच्या घरात त्या आज नीट चालत असत्या, आणि हे कळवून त्यांचं काय भलं होणार आहे, असं मी म्हणतो. हे मी त्यांच्यासाठी म्हणतो की माझ्यासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भिंतीवरच्या भेगांवर मी काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या आहेत. भिंत पुन्हा हलली तर काच तडकते, म्हणजे कळतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जाऊन त्या बघतो. मी आल्याचं कळलं की दादा मागच्या अंगणात जातो आणि मी जाईपर्यंत तिथेच काहीतरी खुरपत बसतो. एकूण नऊ पट्ट्या आहेत. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातली एक तडकलेली दिसली. मी खिशातून नवी काढून तिच्या शेजारी चिकटवली, भिंतीवर पेन्सिलीने तारीख घातली, आणि वहिनींनी विचारलं तेव्हा म्हटलं, अजून थोडं बघावं लागेल.